सध्या काय वाचताय?

आमच्या बेळगावात स्वाध्याय आटोपून बस्तीच्या पायऱ्या उतरताना बायकांत दोन प्रश्न हटकून होतात. ‘आज स्वयंपाकात काय?’ आणि ‘सध्या काय वाचताय?’ पहिल्याचं उत्तर एका शब्दात संपतं. दुसऱ्याला वेळ लागतो. कुणी उमाताई कुलकर्णींनी मराठीत आणलेलं भैरप्पांचं ‘पर्व’ घेऊन बसलेली असते. कुणी ‘रत्नकरंडक श्रावकाचार’ तिसऱ्यांदा वाचत असते आणि तिसऱ्यांदा वाचताना काय नवीन कळलं ते सांगत असते. कुणाची सून पुण्याला कानात बोंड्या घालून पुस्तकं ऐकते, म्हणून तीही ऐकायला शिकलेली असते. मग एखादी पिशवीतून पुस्तक काढते आणि म्हणते, ‘घे, वाच. पुढच्या अष्टमीला परत दे.’

या ‘घे, वाच’ला आपल्या समाजात फार मोठा इतिहास आहे. तो कुठे दडून बसलेला नाही, ग्रंथांच्या शेवटी लिहून ठेवलेला आहे आणि त्यात बायकांची नावं आहेत. आपण ग्रंथाची पूजा करतो, पण शेवटचं पान वाचत नाही, म्हणून ती नावं आपल्याला माहीत नसतात. आपल्याकडे पुस्तक सुचवणं म्हणजे पुस्तक देणं होतं. नुसतं नाव सांगून कुणी मोकळं होत नव्हतं.

आहार, औषध, अभय आणि शास्त्र ही चार दानं लहानपणापासून आपल्या कानांवर पडलेली असतात. समंतभद्राचार्यांच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त दानाच्या फळाची जी उदाहरणं दिली आहेत, त्यांत शास्त्रदानासाठी कौंडेशाचं नाव येतं. त्याची कथा आपल्या आज्या सांगायच्या. पूर्वजन्मी तो गोविंद नावाचा गुराखी होता. त्याला झाडाच्या ढोलीत एक शास्त्र सापडलं. गुराखीच तो, वाचणार काय? त्यानं ते जपलं, पूजलं आणि पुढे पद्मनंदी मुनींच्या हाती दिलं. त्या पुण्याईनं पुढच्या जन्मी तो कौंडेश झाला, मोठा ज्ञानी झाला. कथेत पुण्य आणि जन्म वगैरे आहेच, पण मला तिच्यातली एक साधी गोष्ट आवडते. गुराख्याला वाचता येत नव्हतं, तरी हे ढोलीत राहायचं सामान नाही, हे वाचणाऱ्याकडे गेलं पाहिजे, एवढं त्याला कळत होतं.

आपल्या आगमाचा जन्मही असाच एकानं दुसऱ्याकडे पाठवण्यातून झाला. गिरनारच्या चंद्रगुहेत राहणाऱ्या धरसेनाचार्यांना काळजी लागली, की आपल्यानंतर हे ज्ञान कुणाला आठवणार? त्यांनी दक्षिणेतल्या साधुसंघाला पत्र लिहिलं. तिथून दोन साधू गेले, ते पुष्पदंत आणि भूतबली. शिकून परत आल्यावर पुष्पदंतांनी वनवास देशात, म्हणजे आपल्या शेजारच्या बनवासीच्या भागात, सत्प्ररूपणेची १७७ सूत्रं रचली. ती जिनपालितांना शिकवली आणि त्यांना द्रमिल देशात भूतबलींकडे पाठवलं. भूतबलींनी सूत्रं पाहिली, पुष्पदंतांचं आयुष्य थोडं उरलं आहे हे ओळखलं आणि पुढचा सगळा ग्रंथ स्वतः रचला. तो षट्खंडागम. ज्या दिवशी तो पूर्ण झाला आणि संघानं त्याची पूजा केली, ती ज्येष्ठ शुद्ध पंचमी आपण श्रुतपंचमी म्हणून पाळतो. पुष्पदंतांनी ती सूत्रं आपल्याजवळच ठेवली असती, तर पूजायला ग्रंथच नसता.

आता बायकांकडे येऊ. दहाव्या शतकात चालुक्य तैलपाच्या काळात अत्तिमब्बे होऊन गेली. तिचे वडील मल्लप आणि चुलते पुन्नमय्य यांनी पोन्न कवीकडून कानडीत ‘शांतिपुराण’ लिहून घेतलं होतं. अत्तिमब्बेचा नवरा नागदेव तैलपाचा सेनानी होता. तो तरुणपणीच गेला. तिची धाकटी बहीण गुंडमब्बे ही त्याचीच दुसरी बायको होती. तिनं सहगमन केलं. अत्तिमब्बे मुलासाठी मागे राहिली, व्रतस्थ राहिली आणि उरलेलं आयुष्य तिनं देण्यात घालवलं. लक्कुंडीचं १००७ सालातलं ब्रह्म जिनालय तिनं बांधवलं, ते आजही उभं आहे. रन्न कवीनं तिच्या आश्रयानं ९९३ मध्ये ‘अजितपुराण’ पूर्ण केलं आणि त्यात तिची थोरवी गायली. हा रन्न मुधोळचा, बांगड्या विकणाऱ्या घरातला. लोक तिला ‘दानचिंतामणी’ म्हणत. आज कर्नाटक सरकार लेखिकांना तिच्या नावानं पुरस्कार देतं.

पण तिच्या सगळ्या दानांत मला एकच आकडा विसरता येत नाही. ‘शांतिपुराणा’च्या तिनं एक हजार प्रती लिहवून घेतल्या आणि वाटल्या.

एक हजार हा आकडा छापखान्याच्या काळात काहीच नाही. आज एखादी छोटी पुस्तिका छापायची तरी छापखानेवाला म्हणतो, ‘हजार काढा, परवडेल.’ पण तेव्हा ताडाची पानं आणायची, उकळायची, वाळवायची, घासून गुळगुळीत करायची, एका मापात कापायची, भोक पाडून दोरा ओवायचा. मग लेखकानं मांडी घालून लोखंडी लेखणीनं एकेक अक्षर कोरायचं आणि वरून काजळी चोळायची, तेव्हा कुठे ते दिसणार. एक प्रत करायला किती दिवस लागत असतील ते आपण स्वयंपाकघरातल्या हिशेबानं सहज करू शकतो. शेवया पाटावर वळणाऱ्या बाईला वेळ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. असं एक हजार वेळा. हजार माणसांना तिनं सांगितलं, ‘हे वाचा, चांगलं आहे.’ नुसतं तोंडानं सांगितलं नाही, हातात ठेवलं.

त्या पुराणाची जुनी कानडी मला झेपत नाही. आमच्यासारख्या बेळगावकरांची हीच गंमत आहे. भाजीवालीशी कानडी, घरात मराठी, देवासमोर प्राकृत-संस्कृत. पण कुणी कुठल्या भाषेतला ग्रंथ वाटला यानं देण्याची रीत बदलत नाही. अत्तिमब्बे आपलीच आहे.

तिच्यानंतर शंभरेक वर्षांनी देमियक्का. वीरसेनाचार्यांनी षट्खंडागमावर ‘धवला’ ही टीका लिहिली, ७२ हजार श्लोकांएवढी मोठी. तिची ताडपत्रावरची जी प्रत मूडबिद्रीला जतन झाली, तिच्या प्रशस्तीत लिहिलं आहे की देमियक्कांनी श्रुतपंचमी व्रताच्या उद्यापनाला हा ग्रंथ लिहवून शुभचंद्र सिद्धांतदेवांना अर्पण केला. षट्खंडागमाचाच सहावा खंड म्हणजे ‘महाबंध’. त्याच्या ताडपत्रावर मल्लिकब्बेचं नाव आहे. ही शांतिसेन राजाची राणी. तिनंही श्रुतपंचमी व्रताच्या उद्यापनासाठीच ग्रंथ लिहवला आणि माघनंदी मुनींना दिला.

नावं नीट पाहा. देमियक्का, मल्लिकब्बे, अत्तिमब्बे. ‘अक्का’ तर आपण रोज म्हणतो. ‘अब्बे’ म्हणजे जुन्या कानडीत आई. म्हणजे आपल्या सगळ्यांत थोर सिद्धांतग्रंथांच्या शेवटी एक अक्का आणि एक आई उभी आहे. आचार्यांनी ग्रंथ रचले, लेखकांनी लिहिले, पण पैसा, निश्चय आणि ‘हे पुढे गेलं पाहिजे’ ही तळमळ या बायकांची. त्यांनी तो ग्रंथ कुणाला द्यायचा तेही विचार करून ठरवलं. वाचू शकणाऱ्या, शिकवू शकणाऱ्या मुनींच्याच हाती दिला. गोविंद गुराख्यानं केलं तेच.

पण इतिहासाचा पुढचा भाग तितका सुखाचा नाही. वाचण्यासाठी दिलेले हे ग्रंथ हळूहळू दर्शनाचे झाले. मूडबिद्रीच्या सिद्धांत बस्तीत धवला, जयधवला आणि महाबंधाची ताडपत्रं शेकडो वर्षं राहिली. यात्रेकरू यायचे, पेटी उघडली जायची, लांबून ताडपत्र दाखवलं जायचं, लोक हात जोडायचे, पेटी बंद व्हायची. त्या मागे दुष्टावा नव्हता. परचक्राची भीती होती, एकच प्रत उरली होती आणि ती गेली तर सगळंच जाणार होतं. जपणाऱ्यांनी जपलं म्हणून तर राहिलं. पण वाचणारा संपला की जपलेल्या ग्रंथाची मूर्ती होते. मूर्तीला डोळे असतात, पण ती आपल्याशी बोलत नाही. ग्रंथाचं काम बोलण्याचं आहे.

मुंबईचे शेठ माणिकचंद १८८३ मध्ये यात्रेला तिकडे गेले आणि ही ताडपत्रं पाहून अस्वस्थ झाले. सोलापूरच्या हिराचंद नेमचंदांना त्यांनी ते कळवलं. हे हिराचंद म्हणजे मराठीत ‘जैनबोधक’ मासिक काढणारे. दोघांच्या खटपटीनं १८९६ च्या सुमारास नक्कल करायचं काम सुरू झालं. श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती उपाध्याय लिहायला बसले. शास्त्रीजी मध्येच वारले, गजपती उपाध्याय वर्षानुवर्षं लिहीत राहिले. नक्कल व्हायची ती मूडबिद्रीतच राहणार होती. बाहेर नेण्याची परवानगी नव्हती.

आणि इथे लक्ष्मीबाई येतात. गजपती उपाध्यायांच्या पत्नी. नवऱ्यानं दिवसा राजरोस नागरी नक्कल करायची आणि घरी गुपचूप आणखी एक प्रत कानडी लिपीत करायची, असं चाललं होतं. या गुप्त प्रतीत लक्ष्मीबाईंचा मोठा हात होता. डॉ. हिरालाल जैन यांनी धवलेच्या प्रस्तावनेत या विदुषी बाईंचं काम नोंदवून ठेवलं, म्हणून आपल्याला ते कळतं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ तिथेच थांबले. मिरज म्हणजे आमच्या घरापासून रेल्वेनं दुपारचा प्रवास. तिथली एक उपाध्याय घरातली बाई, त्या काळातली, जिला मुळात लिहिता-वाचता येणंच विशेष, ती परगावी मूडबिद्रीत राहून हजारो श्लोकांचा प्राकृत-संस्कृत ग्रंथ उतरवून काढते आहे. घरकाम सांभाळून, आणि कुणाला कळू न देता. आपली कुणी लिहिणारी बाई ‘मला वेळ मिळत नाही’ म्हणते तेव्हा मला लक्ष्मीबाई आठवतात.

मात्र या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. ज्यांनी विश्वासानं पेटी उघडून दिली, त्यांच्या नकळत प्रत केली. अचौर्य अणुव्रत घेणाऱ्या समाजात ही साधी गोष्ट नाही. गजपती उपाध्याय ती प्रत घेऊन सोलापूरला हिराचंदांकडे गेले, तेव्हा त्यांनी ती ठेवून घ्यायला नकार दिला. आयुष्यभर ज्या ग्रंथासाठी धडपड केली, तो दारात आला आणि त्यांनी परत पाठवला. माणिकचंदांनीही घेतला नाही. माझ्या मते त्या दोघांचं बरोबर होतं. मूडबिद्रीचा दरवाजा त्यांच्याच शब्दावर उघडला होता. शेवटी सहारनपूरला लाला जंबुप्रसादांनी तो ग्रंथ घेतला, मंदिरात ठेवला. तिथे त्याची नागरी नक्कल करणाऱ्या सीताराम शास्त्रींनी स्वतःपाशी एक प्रत ठेवली, आणि तिच्यावरून आणखी प्रती होऊन गावोगावी गेल्या. त्यावरूनच अमरावतीला प्राध्यापक असलेल्या हिरालालजींनी संपादन केलं आणि १९३९ मध्ये धवलेचा पहिला खंड छापून निघाला. पुढे एकूण सोळा खंड झाले.

या कामात त्यांना साथ देणारे एक मोठे विद्वान डॉ. आ. ने. उपाध्ये आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याचे. आणि आनंदाची गोष्ट अशी, की पुढच्या खंडांच्या वेळी मूडबिद्रीच्या भट्टारकांनी आणि पंचांनीही मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहायला मदत केली. जे चोरून बाहेर आलं होतं, त्यावर शेवटी राजीखुशीचा हात पडला.

म्हणून लक्ष्मीबाईंना चोर म्हणायचं की शास्त्रदाती म्हणायचं, याचा निकाल मी देत नाही. एवढंच म्हणते, की देमियक्कांनी तो ग्रंथ कुलपात ठेवण्यासाठी दिला नव्हता. देणाऱ्या बाईची इच्छा आठशे वर्षांनी दुसऱ्या बाईनं पुरी केली.

छपाईलाही आपल्यात कमी विरोध झाला नाही. शाईत काय असतं, रूळ कशाचे असतात, कोणाचे हात लागतात, जिनवाणी अशी पायदळी येऊ द्यायची का, असे प्रश्न तेव्हाच्या जाणत्या लोकांनीही विचारले. विरोध करणारे आणि छापणारे दोघंही ग्रंथावर प्रेम करणारेच होते. आपल्याच जिल्ह्यातल्या भोजचे आचार्य शांतिसागर महाराज. ताडपत्रांची काही पानं किडीनं खाल्ली हे कळल्यावर त्यांना फार दुःख झालं आणि त्यांच्या प्रेरणेनं हे सिद्धांतग्रंथ ताम्रपटावर कोरले गेले. तांब्याला कीड लागत नाही. पण ताम्रपटही कुणी उचलून वाचत नाही. वाचायला कागदच लागला. सोलापूरच्या श्राविका संस्थेच्या पंडिता सुमतिबाई शहा यांनी षट्खंडागमाची सूत्रं हिंदी अर्थासह एका ग्रंथात संपादित केली, तो १९६५ मध्ये फलटणहून निघाला. एका बाईनं लिहवला, दुसरीनं चोरून उतरवला, तिसरीनं अर्थ लावून आपल्या पुढ्यात ठेवला.

आता आपली पाळी आहे, आणि मला भीती वाटते ती इथे.

आपल्या घरातली जुनी पुस्तकं काढून पहिलं पान उघडा. ‘कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ सप्रेम भेट’ असं लिहिलेलं असेल. किमतीच्या जागी बऱ्याचदा ‘स्वाध्याय’ असा शब्द छापलेला असेल. पुस्तकाची किंमत पैशात नाही, वाचून चुकती करायची. इतकी सुंदर किंमत मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकावर पाहिली नाही. पण किती जणींनी ती चुकती केली? उद्यापनाला आजही आपण पुस्तकं वाटतो. नऊशे वर्षांपूर्वी देमियक्कांनी केलं तेच व्रत, तेच उद्यापन. फरक एवढाच, की त्यांना ठाऊक होतं कुठला ग्रंथ, कुणाला आणि कशासाठी. आपण स्टीलचा डबा आणि त्याच्याबरोबर एक पुस्तिका देतो, जी देणारीनं वाचलेली नसते आणि घेणारी वाचणार नसते. डबा वापरात येतो. पुस्तिका देवघराच्या कपाटात जाते.

गेल्या काही वर्षांत ओळखीची तीन-चार घरं मोडताना मी पाहिली. मुलं बंगळूरला, पुण्याला, परदेशात. आईवडील गेले, फ्लॅट विकायचा. भांडी वाटली जातात, साड्या वाटल्या जातात. पुस्तकांपाशी सगळे थांबतात. रद्दीत घालायला हात धजत नाही, कारण शास्त्र आहे. न्यायला जागा नाही, कारण मराठी वाचणारं कुणी नाही. मग गठ्ठे बांधून बस्तीत आणून ठेवतात. बस्तीच्या कपाटात अशी कितीतरी घरं बांधून पडलेली आहेत. मूडबिद्रीची पेटी आता गावोगावी झाली आहे, आणि या वेळी तिला कुलूपही नाही.

मोबाइलवर पुस्तकांची नावं येतात, अख्खी पुस्तकंही येतात. इंदूरची नणंद, बडोद्याची मावसबहीण रोज काहीतरी पाठवतात. मी त्याला नावं ठेवत नाही. हजार प्रती करायला अत्तिमब्बेला जे लागलं ते आता एका बोटानं होतं. पण बोटानं पाठवलेलं आपण वाचलेलं असतं का? ‘छान आहे, वाच’ म्हणताना आपण ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गेलेलो असतो का? देणं सोपं झालं, तेव्हा निवडणं अवघड झालं आहे.

म्हणून माझं सांगणं फार मोठं नाही. पुढच्या उद्यापनाला एकच पुस्तक द्या, पण आपण वाचलेलं द्या. आत एक चिठ्ठी ठेवा, त्यात हे मला का आवडलं ते दोन ओळींत लिहा, खाली नाव आणि तिथी घाला. तीच आपली प्रशस्ती. बस्तीच्या कपाटातली पुस्तकं वर्षातून एकदा बाहेर काढून ऊन दाखवतोच, त्या दिवशी प्रत्येकीनं एक घरी न्यावं आणि चातुर्मासात वाचून परत आणावं. सुनेला मराठी वाचायला जड जात असेल तर तिला वाचून दाखवावं. आपल्या कितीतरी आज्यांना अक्षर येत नव्हतं, त्यांनी शास्त्र ऐकूनच पाठ केलं होतं. ऐकण्यात कमीपणा कधीच नव्हता.

श्रुतपंचमीला ग्रंथाची पूजा करूच. पण पूजेनंतर वेष्टन पुन्हा गुंडाळण्याआधी शेवटचं पान जरूर उघडा. तिथे एखादी देमियक्का, एखादी मल्लिकब्बे सापडली तर तिचं नाव मोठ्यानं वाचा, म्हणजे शेजारी बसलेल्या मुलींनाही ऐकू जाईल.